मिठाच्या गुळण्या

बायको गेली आणि घरातलं बोलणंच संपलं. गेल्या आठवड्यात घसा धरला, तेव्हा स्वयंपाकघरातली तिची चिनी मातीची बरणी उघडली. आत समुद्राचं जाडं मीठ होतं, ओलसर, राखाडी. कोमट पाण्यात चमचाभर विरघळवलं आणि बाथरूममध्ये गुळण्या करू लागलो. रिकाम्या घरात तो आवाज केवढा मोठा वाटला!

तेवढ्यात खिडकीतून, वरच्या मजल्यावरच्या बाईंचा आवाज आला, "काका, घसा धरलाय का हो?"

मी दचकलोच. "हो, जरासा."

"मिठात चिमूटभर हळद टाका. बरं वाटेल."

त्यांचा चेहरा काही केल्या आठवेना. हळद मात्र टाकली. दुसऱ्या दिवशी त्याच सुमारास पुन्हा आवाज आला, "आज कसं आहे, काका?" घसा मिठाने सुटला की कुणी विचारल्यामुळे, ते मला सांगता येणार नाही.

आता घसा अगदी बरा आहे. तरी काल संध्याकाळी पाणी कोमट केलं, त्यात मीठ विरघळवलं, बाथरूमची खिडकी पूर्ण उघडली आणि जरा मोठ्यानेच गुळण्या केल्या.