फ्लेमिंगो उडाले तेव्हाचा आवाज

परवाच्या रविवारी आमच्या चिंचवडच्या सोसायटीची मंडळी मिनी बस करून भिगवणला पक्षी बघायला गेलो. आमच्या ह्यांना मी अक्षरशः ओढून नेलं... "मला काय ऐकू येणारे तिथं, कप्पाळ?" ही टेप घरापासून बसपर्यंत चालूच होती.

ह्यांची सगळी नोकरी भोसरीच्या प्रेस शॉपमध्ये गेली. पत्रा ठोकणाऱ्या त्या मशीननी कान खाल्ले. कानाचं यंत्र लावलं तर नुसता कलकलाट होतो म्हणतात, म्हणून ते कपाटात पडून आहे.

रिटायर झाल्यापासून लग्नकार्य बंद, कट्टा बंद. कोणी काही बोललं की नुसतं हसून मान हलवतात. माणूस माणसांतून उठत चालला होता आणि मला काही उपाय सापडत नव्हता.

बसमध्येही तेच. सगळे चेष्टामस्करीत दंग आणि हे खिडकीबाहेर बघत बसलेले.

उजनीच्या पाण्यावर होडीत बसलो. नावाडी दादा म्हणाले, "आता कुणी बोलायचं नाय बरं का. आवाज झाला की पाखरं उडाली." आमच्या बायकांचे चेहरे बघण्यासारखे झाले होते.

आणि हे एकदम खुलले हो... कंपनीत मशीनच्या धडधडाटात सगळा कारभार हातवाऱ्यांवरच चालायचा. मूठ वर म्हणजे थांब, तळवा खाली दाबला की हळू. ह्यांनी तेच सुरू केलं.

थोड्या वेळात शेजारच्या वहिनीसुद्धा बोटं नाचवून ह्यांच्याशी बोलायला लागल्या. ह्यांनी हातानेच त्यांच्या मोठ्या टोपीची अशी काही नक्कल केली, की सगळे तोंड दाबून हसले. किती दिवसांनी बघत होते मी हे... डोळे भरून आले, मग पदराने पुसून टाकले.

तेवढ्यात ह्यांची मूठ वर गेली. नावाडी दादांनी वल्हं थांबवलं.

समोर फ्लेमिंगो... नजर पोचेल तिथपर्यंत, माना पाण्यात घालून उभे. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. देवा, हे सगळं आपल्यापासून तीन तासांवर आहे आणि आपण घरात टीव्ही बघत बसतो.

वर कुठूनतरी घार आली आणि अख्खा थवा पाण्यावरून धावत सुटला. पंख उघडले तर आतून लालभडक. कुंकवाचा करंडा उपडा व्हावा तसं आभाळ झालं.

सगळे वर बघत होते. हे मात्र माझ्याकडे बघत होते... कानाला हात लावून त्यांनी बोटं फिरवली. आवाज कसा होता, असं विचारत होते.

ह्याला काय खूण करायची, मला सुचेना. मग मी त्यांच्या पाठीवर दहाही बोटं वाजवली. आधी पाण्यावरची धावती पावलं, मग तळव्यांनी पंख, मग लांब लांब जाणारा थवा, अगदी नखांच्या टोकांनी... त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"अजून एकदा," ते म्हणाले. चांगलं मोठ्यांदा. होडीत कोणीही त्यांना गप्प केलं नाही.

पाखरं केव्हाच पलीकडच्या काठाला लागली होती. मी पुन्हा पहिल्यापासून वाजवलं... आणि खरं सांगते, ह्या वेळी मलाही ते जास्त नीट ऐकू आलं.