सेतुमाधवरावांचा स्वतःचा फोन

तंजावूरच्या टेलिफोन खात्यात सेतुमाधवराव तेहेतीस वर्षं होते. राजवाड्यामागच्या आमच्या गल्ल्यांत त्यांच्या सायकलची घंटी वाजली की लोक घरातला फोन पुसून ठेवत. फोन मिळायला सात-आठ वर्षं लागायची तो काळ. मिळालेलं काळं यंत्र खात्याचं, वायर खात्याची, भिंतीतला खिळाही खात्याचा. गल्लीतल्या ताराबाईंनी एकदा त्रिचीहून लाल रंगाचं दुसरं यंत्र आणून स्वयंपाकघरात जोडलं. राव आले, पक्कड काढली, वायर तोडली आणि लाल यंत्र पिशवीत घातलं.

"बाई, तुम्ही फक्त बोलायचं. उघडायचं, जोडायचं ते आम्ही," एवढंच म्हणाले.

लाच ते कधी घेत नसत, त्यामुळे त्यांच्यापुढे कुणाचं काही चालत नसे.

दोन हजार सहा साली ते निवृत्त झाले आणि त्यांनी मोबाइल घेतला. मोबाइल कंपनीचं सिम कार्ड आतच बसवलेलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या मालकीचं यंत्र त्यांच्या खिशात आलं. त्याची पावती त्यांनी लॅमिनेट करून घेतली.

चार महिन्यांनी त्यांच्या मुलीची, शांभवीची, ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीत बदली झाली. तिथे या कंपनीचा सिग्नल पोचत नव्हता. मुलीकडे गेलं की रावांचा फोन मुका व्हायचा. तिने तिथे चालणारं दुसऱ्या कंपनीचं कार्ड आणून दिलं. रावांनी ते घातलं, तर पडद्यावर अक्षरं आली: हे कार्ड चालणार नाही.

राव पावती घेऊन कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलीने गोड हसून तमिळमध्ये समजावलं, "सार, फोन तुमचाच आहे. पण आतलं सॉफ्टवेअर कंपनीचं. त्याला कुलूप आहे."

"किल्ली?"

"ती देत नाहीत, सार."

"मग माझं काय आहे त्यात?"

मुलीने जरा विचार केला. "बॅटरी काढून घालू शकता, सार."

तिथून राव थेट गिरीशकडे गेले. गिरीश म्हणजे ताराबाईंचा थोरला, चाळिशीचा, बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्त करणारा. त्याने फोन उलटापालटा करून पाहिला आणि अगदी शांतपणे विचारलं, "मामा, हे उघडायचं म्हणता? नियमात बसतं का?"

रावांनी लॅमिनेट केलेली पावती पुढे केली. गिरीशने जास्त ताणलं नाही. फोनचा पंधरा आकडी क्रमांक त्याने कॉम्प्युटरमध्ये घातला, उत्तरादाखल दुसरा आकडा आला, तो फोनवर दाबला आणि कुलूप निघालं. शांभवीचं कार्ड जिवंत झालं.

"पुन्हा दाखव," राव म्हणाले. "हळू."

महिन्याभरात त्यांनी गिरीशकडूनच जुना कॉम्प्युटर घेतला आणि ओसरीवर गल्लीतले फोन मोकळे करायला बसले. फुकट. फक्त एक अट होती: अर्ज हवा. नाव, पत्ता, फोनचा क्रमांक, कुलूप काढण्याचं कारण, खाली सही. कारण पटलं नाही तर ते अर्ज परत करत. शेजारच्या अलमेलुअम्मांनी 'कारण: उगीच' असं लिहिलं म्हणून रावांनी त्यांचा अर्ज दोनदा फेटाळला.

शाळेत गणित शिकवणारी कविता मात्र अर्ज न आणताच आली.

"मामा, फोन माझा. कारण तुम्हाला कशाला सांगू?"

"पद्धत असते, बाळ."

"मग मला शिकवा. म्हणजे तुम्हाला त्रास नको."

शिकवायला नाही म्हणणं रावांच्या स्वभावात नव्हतं. ती तासाभरात शिकली. पुढच्या आठवड्यापासून बायका तिच्याकडे जाऊ लागल्या आणि रावांच्या ओसरीवर कोऱ्या अर्जांचा गठ्ठा तसाच पडून राहिला. मनातून त्यांना ते लागलं. पण वर्षभराने त्यांनी रंगीत पडद्याचा नवा फोन घेतला, त्याचं कुलूप आकड्यांनी निघेना, तेव्हा तेही कविताच्याच दारात गेले. तिच्याकडे आता फोन कॉम्प्युटरला जोडायची केबल होती, तिने आतलं सॉफ्टवेअरच बदलता येत होतं.

"मी शेजारी बसते. करायचं तुम्ही," ती म्हणाली.

रावांनी चष्मा पुसला, केबल जोडली. नवं सॉफ्टवेअर फोनमध्ये अर्धंच चढलं आणि वीज गेली. वीज परत आली, फोन काही आला नाही. कविताचा चेहरा पडला. तिने गिरीशला बोलावलं. त्याने तासभर झटून हात टेकले.

"सॉरी, मामा. माझंच चुकलं. तुम्हाला करायला सांगायला नको होतं," ती म्हणाली.

"तू कशाला सॉरी म्हणतेस? माझा फोन, मी मारला," राव म्हणाले. आवाजात दुःख होतं, पण थोडा तोराही होता. तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्नच उरला नव्हता.

दोन दिवस बापाचा फोन लागेना म्हणून शांभवी घाबरून ओरत्तनाडूहून बसने आली. दार उघडंच होतं. अप्पा जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि समोरच्या वर्तमानपत्रावर फोनचे सगळे भाग ओळीने मांडलेले होते.

"तिथेच थांब," ते मान वर न करता म्हणाले. "एक स्क्रू सापडत नाहीये."