थांबलेला आकाशपाळणा

तीन दिवसांची सुट्टी जोडून आली, म्हणून मी पुण्याहून कोल्हापूरला आई-बाबांकडे गेले होते. गडमुडशिंगीला मावशीकडे जेवून आम्ही तिघं परतताना आईने मला अचानक गाडी थांबवायला सांगितली. लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जायचो ते पार्क रस्त्याकडेलाच होतं. ते बंद पडून कित्येक वर्षं झाली होती.

फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "पावणं, आत काय बी न्हाय."

"नसू दे की. नुसतं बघून येतो," आई म्हणाली आणि त्याने आम्हाला सोडलं.

आत गवत कमरेएवढं वाढलं होतं. आकाशपाळणा मात्र अजून उभा होता आणि त्याचा एक पाळणा जमिनीलगत थांबला होता. पूर्वी मी आणि आई त्यात बसून वर जायचो, तेव्हा बाबा खाली पिशव्या सांभाळत उभे राहायचे. "कुणीतरी थांबाय पायजे की," म्हणायचे.

आई आत जाऊन बसली आणि शेजारची जागा थोपटत बाबांना म्हणाली, "या आता. ह्यो काय वर जात न्हाय."

बाबा ओशाळून हसले. "मला भ्या वाटतंय हे तुला ठाऊक हुतं व्हय?"

"लग्न ठरल्यावर जत्रेत पाळणा बघून तुमी पान खायला गेलता की. तवाच कळलं."

बाबा बसले. मी मागून हलकेच धक्का दिला. पाळणा कुरकुरला, तसा त्यांनी आईचा हात घट्ट धरला. पाळणा स्थिरावला तरी हात सोडला नाही, आणि आईनेही उतरायचं नाव काढलं नाही.