शेवटी चढणारे तात्या

एस.टी. वाटेत बंद पडली की तिचे ड्रायव्हर, म्हणजे आमचे शेजारी निवृत्तीतात्या, आधी इंजिनाकडे बघत नसत. ते रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहत. मागून येणारी गाडी थांबली, की आपल्या गाडीतलं एकेक माणूस तिच्यात बसवत. तिकिटं कंडक्टर बघायचा, पण कोणी आधी चढायचं हे तात्या ठरवत. "आदी लेकुरवाळी, मग म्हातारी मानसं, मग बाकीची." आणि सगळी गेली की नगरहून मिस्त्री येईपर्यंत स्वतः एकटेच उन्हात बसून राहत.

मी पारनेरच्या शाळेत मास्तर म्हणून नवा होतो, तेव्हा भाळवणीच्या अलीकडे त्यांनी मला अशाच एका मागून आलेल्या गाडीत चढल्यावर खाली उतरवलं आणि माझी जागा कोंबडी घेऊन निघालेल्या एका म्हातारीला दिली. मी चिडलो. "अहो, शाळेत आज तपासणीला साहेब यायचेत!" तात्या शांतपणे म्हणाले, "सायब थांबत्याल, गुर्जी. म्हातारीला उबं ऱ्हावत न्हाई." साहेब काही थांबले नाहीत. माझ्यावर चांगलाच ठपका बसला. पुढे महिनाभर मी तात्यांशी अबोला धरला, पण तो त्यांच्या लक्षातच आला नाही, त्यामुळे मलाच तो सोडावा लागला.

त्यांना एकुलता एक मुलगा, दत्तू. पोरगा हुशार. शिकून थेट इंग्लंडला एका कारखान्यात लागला. दुष्काळाच्या त्या साली तात्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला, गंगूकाकींना, बाजूला घेऊन सांगितलं, मुलाला बोलावून घ्या. मी नगरला जाऊन तार केली. दत्तूचं उत्तर आलं, तिकीट काढलंय, निघतोच. तात्यांनी त्या दिवशी अंथरुणात बसून दाढी करून घेतली.

तिकीट होतं एका स्वस्तातल्या विमान कंपनीचं. दत्तू निघायच्या आदल्या दिवशी ती कंपनीच बुडाली. दुसरी तार आली: कंपनी बंद, दुसऱ्या विमानासाठी रांगेत आहे. ती तात्यांना वाचून दाखवायचं काम माझ्याच गळ्यात पडलं.

त्यांना वाईट वाटण्याआधी नवलच वाटलं. "आक्की कंपनीच बंद पडली? मग मागच्या इमानात बसवत्याल की! तिकीट तर काडलंय त्यानं."

"तसं नसतं, तात्या," मी म्हणालो. "एका कंपनीचं तिकीट दुसरी मानत नाही. पैसे परत मागायला अर्ज करायचा, मिळाले तर मिळाले. दुसऱ्यांच्या विमानात जागा रिकामी राहिली, तरच घेतात."

"आसं कुटं आसतंय व्हय?" तात्यांना ते काही केल्या पटेना. "मानसं रस्त्यावर टाकून मालक घरी गेला?"

त्या दिवसापासून त्यांनी खाट दाराकडे तोंड करून लावायला सांगितली. काकींना म्हणायचे, "त्येला घाई करू नगा." काकी पाण्याला गेल्या की हळूच मला विचारायचे, "आज तरी जागा मिळाली आसंल का, गुर्जी?" मला त्यांच्या घरात पाऊल टाकायचीच भीती वाटू लागली.

एका दुपारी दारात पायांचा आवाज आला. तात्या कोपरावर उठले. पण दारात एक तरुण बाई उभी होती, कडेवर तान्हं मूल आणि हातात पेढ्यांचा पुडा. ती नगरची. नवरा तिकडे इंग्लंडला डॉक्टर. तीही त्याच कंपनीच्या तिकिटावर अडकली होती.

"दत्तूभाऊंचा नंबर लागला होता," ती सांगू लागली. "विमानात चढायचेच बाकी होते. माझं बाळ तापानं फणफणलेलं. त्यांनी मला पुढे केलं. म्हणाले, आमच्या घरची रीतच आहे ही. त्यांना आता आठवडाभर तरी जागा नाही. म्हटलं, आपणच जाऊन सांगावं." एवढं बोलून तिनं खाटेकडे नीट पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. वडील आजारी आहेत हे दत्तूनं तिला सांगितलंच नव्हतं. ती रडायलाच लागली.

"रडू नगंस, बाय," तात्या म्हणाले. "लई ब्येस केलं त्यानं." त्यांनी बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. काकींना तिची ओटी भरायला लावली. तिला अंधार पडायच्या आत गाडी मिळावी म्हणून त्यांनीच तिला लवकर निघायला सांगितलं.

ती गेल्यावर काकी त्यांचे पाय चेपत बसल्या. मी उशाशी होतो. तात्यांनी बऱ्याच वेळानं भिंतीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते.

"ह्या येळंला तरी तू आदी चडायचं हुतंस रं, पोरा," ते म्हणाले.

दोन दिवसांनी पहाटे ते गेले. अग्नी पुतण्यानं दिला.

दत्तू आला तेव्हा दहावा होऊन गेला होता. बॅग तशीच दारात टाकून तो आईपाशी बसला. त्यानं विचारलं, "आई, त्या बाईचं कळलं तेव्हा तात्या काय म्हणाले?"

काकींनी माझ्याकडे पाहिलं. मग पदरानं त्याचं तोंड पुसत म्हणाल्या, "लई ब्येस केलं त्यानं, आसं म्हनलं बग."