ताजआपाचा सैल अंगठा

सौदीतल्या खमीस मुशैतच्या त्या हॉस्पिटलात ताजुन्निसाला सगळ्या आपाच म्हणायच्या. इजिप्तची सुपरवायझरसुद्धा आपा म्हणायला जायची, तिच्या अरबी तोंडातून 'आबा' बाहेर पडायचं. आपा हसून अरबीतलं हो, "नाम मॅडम" म्हणायची आणि डायलिसिसच्या मशिनीकडे वळायची. वीसेक वर्षं ती त्या एका वॉर्डात होती. पेशंट बदलले, मशिनी बदलल्या, आपाची कापडी पिशवी आणि तिच्यातला पत्त्यांचा कॅट तेवढा बदलला नाही.

त्या पत्त्यांवर वॉर्डातल्या बायकांच्या सुट्ट्या ठरायच्या. सुपरवायझरचा खाक्या सरळ होता. तुम्ही इंडियाच्या बायका आपसात ठरवा, मला एक नाव द्या, खलास. पूर्वी यावरून भांडणं व्हायची. जुन्या विरुद्ध नव्या, मराठी विरुद्ध मल्याळी. आपल्याच माणसांना पुढं करते म्हणून आपालाही बोल लागले होते. तेव्हा एका संध्याकाळी तिनं हॉस्टेलच्या खोलीत जमिनीवर चादर अंथरली आणि पत्ते काढले.

"पैसा लावायचा नाय," तिनं पहिल्याच दिवशी बजावलं. "पैसा लावला तं जुगार. हा नुसता निवाडा हाय."

खेळ एकवीसचा. ज्यांना सुट्टी हवी त्यांना दोन-दोन पानं. आपा वाटणारी, तिचं एक पान उघडं आणि दुसरं त्याच्याखाली झाकलेलं. एकवीसच्या वर गेलात की मेलात. सोळापर्यंत आपानं आणखी पान घ्यायचं, सतरा झाले की थांबायचं. डावात आपाला हरवलं की आपल्यापुढं खजुराची एक बी. पाच बिया ज्या बाईच्या आधी होतील, तिचं नाव सुपरवायझरकडे.

हा खेळ आपाला नवऱ्यानं शिकवलेला. जमालुद्दीन प्रवासी बोटीवरच्या कॅसिनोत पत्ते वाटायचा. ती गोष्ट आपा चहा ओतता ओतता सांगायची, आणि सांगताना हसायची.

"काळा कोट, गळ्यात बो. म्हसळ्याचा मानूस, पन दिसायचा असा, बोटीचा मालकच! झाकलेलं पान सरकवताना त्याचा अंगठा सैल पडायचा. अगदी उलीसा. टेबलाच्या टोकाला एक गोरा म्हातारा बसलेला, त्याला पान दिसायचं. त्यानं सबंध सफर बगितलान, जिंकत गेला, एक शब्द बोलला नाय. कंपनीनं ह्यांना पुढल्या बंदरात उतरवलान. मंग काय करता? नर्सिंग झालेलं होतं माझं. आले हयसर."

"म्हातारं लई बेरकी की," सरिता म्हणायची. सरिता कोल्हापूरकडची, खोलीतलं सगळं हसू तिच्याकडून यायचं.

"बेरकी कसला गो? त्याचं डोळं त्याचं काम करत होतं. चूक अंगठ्याची."

शर्मिला आली तेव्हा ही गोष्ट तिच्या कानावरून नुसती गेली. मूर्तिजापूरची पोरगी, सहा वर्षांची रुचा सासूजवळ ठेवून आलेली. पत्त्यांतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. अठरा झाले तरी पान मागायची.

"मराया कशाला टेकलीयास गं?" सरिता ओरडायची.

"मले काय मालूम व बाई! मले वाटलं तिर्री येईन."

तिकडं सुट्टीचा वार शुक्रवार, आणि दर शुक्रवारची ड्यूटी तिच्याच गळ्यात. रुचा फोनवर येईनाशी झाली होती. सासू सांगायची, खेळून राहिली, मग करीन म्हणते. शर्मिला फोन ठेवायची आणि न्हाणीत जायची.

एका संध्याकाळी पाय मुरगळला म्हणून ती उशीला टेकून, खाली, चादरीच्या डाव्या टोकाशी बसली. आपानं झाकलेलं पान सरकवलं आणि शर्मिलाच्या डोळ्यांपुढून काहीतरी लाल चमकून गेलं. पान उलटलं तेव्हा निघाली चौकटची अठ्ठी. पुढच्या डावात काळं. निघाला किलवरचा राजा.

त्या दिवसापासून ती मुरगळलेल्या पायाची जागा सोडीना. सुरुवातीला नुसता रंग कळायचा. मग कळू लागलं की राजा, राणी, गुलाम आले तर पानभर रंग दिसतो, चित्राभोवतीच्या चौकटीसकट. एक्का असला तर पांढरंच पांढरं. मधल्या आकड्यांनी छळलं. चव्वी पोटात रिकामी, पंजीच्या पोटात एक ठिपका. नव्वी आणि दश्शी तर शेवटपर्यंत जुळ्या बहिणींसारख्या. बाजारातून, बलूत हा तिकडचा पत्त्यांचा डाव खेळणाऱ्यांच्या दुकानातून, तिनं स्वतःचा कॅट आणला. पलंगावर पडल्या पडल्या एकेक पान डोळ्यांसमोरून झर्रकन न्यायची आणि ओळखायची. सर्वांत अवघड होतं ते न बघता बघणं. नजर चहाच्या कपात ठेवायची आणि पान डोळ्याच्या कडेनं उचलायचं. लहान पोराला सुई टोचताना त्याच्याशी गप्पा मारायच्या आणि बोटानं शीर शोधायची, तसं.

ती जिंकू लागली. शुक्रवार सुटले. मेमधली सुट्टीही तिनंच घेतली आणि रुचाला महिनाभर कुशीत घेऊन झोपली. परत येताना पोरीनं बजावलं, "दिवाळीले येशीन, तवाच फटाक्याचा डबा खोलीन. तोवर कोणाले हात नाई लावू देत."

जिंकल्याचा आनंद होता, पण निखळ नव्हता. त्या गोऱ्या म्हाताऱ्यानं जमालुद्दीनचं जे केलं तेच आपण आपाचं करून राहिलो, हे तिला कळत होतं. दोनदा तिनं सांगायला तोंड उघडलं. दोन्ही वेळा आपानं तिच्या हातात भाकरी दिली आणि म्हणाली, "खा आधी. बोलतंस काय!"

दिवाळीची सुट्टी एकीलाच मिळणार होती. मागणाऱ्या दोघी, शर्मिला आणि सरिता. बाहेर धुकं खिडकीला टेकलेलं, खोलीत हीटर. चार बिया शर्मिलापुढं, चार सरितापुढं.

आपानं शेवटचा डाव वाटला. शर्मिलाला राजा आणि नव्वी, एकोणीस. सरिताला दश्शी आणि चव्वी. आपाची उघडी छक्की. झाकलेलं पान सरकलं, आणि शर्मिलाला पानाची नुसती निळी पाठ दिसली.

अंगठा सैल झाला होता, तिनं तो नीट पाहिला होता. पण पान दुसरीकडे कललं होतं, सरिताच्या बाजूला. गेले दोन डावही तसंच झालं होतं, तिनं ते नशिबावर ढकललं होतं.

तिनं सरिताकडे पाहिलं. सरिताचं पत्त्यांकडे लक्षच नव्हतं. मांडीवरच्या फोनकडे टक लावून बसली होती. फोन बंद होता.

आणि शर्मिलाला सगळं एकदम उमगलं. आपाचा अंगठा कधी चुकलाच नव्हता.

सरितामागं स्टीलचा चहाचा थर्मास होता. आपानं तेवढ्यात पान पुन्हा उचलून नीट ठेवल्यासारखं केलं, सरितासाठी. सरितानं तेव्हाही पाहिलं नाही. थर्मासच्या पोटात मात्र पानभर रंग हलला, चौकटीसकट. चित्र. म्हणजे दहा. छक्की आणि दहा, सोळा. आपाला पान घ्यावंच लागणार आणि बहुतेक ती मरणार.

"दे आपा एक पान," सरिता म्हणाली.

"थांब ना व!" शर्मिलाचा आवाज नको तेवढा मोठा आला. "काऊन घाई करून राहिली? आपाची छक्की आहे. राहू दे."

"चौदावर थांबू? येड लागलंय का मला?"

"माह्यं ऐक. एक डाव माह्यं ऐक."

सरितानं खांदे उडवले. "बरं बाई, ऱ्हायलं."

आता शर्मिलाची पाळी. एकोणीस. नुसतं गप्प बसली असती तरी तिची पाचवी बी येणार होती, सरिताचीही, आणि मग आणखी एक डाव. तिला तो फटाक्याचा डबा दिसला. माळ्यावर ठेवलेला, वर रुचाच्या वेड्यावाकड्या अक्षरात नाव.

"मले द्या एक पान," ती म्हणाली.

आपाचा हात थांबला. "एकोणिसावर?"

"द्या ना."

सत्ती आली. शर्मिला मेली. आपानं आपलं पान उलटलं, बदामची राणी. वर अठ्ठी ओढावी लागली. आपाही मेली.

सरिता जिंकली होती. ती हसली नाही. तिनं पाचवी बी उचलली, मुठीत घट्ट धरली आणि म्हणाली, "आई मला वळखंना झालीय. परवा व्हिडिओवर म्हणली, तू कुणाची गं बाळ?" मग ती उठली आणि सुपरवायझरला फोन लावायला बाहेर गेली.

खोलीत दोघीच उरल्या. आपा पानं गोळा करू लागली.

"एकोणिसावर पान मागतंस. कदी शिकशील गो तू?"

"तुमीच शिकवलं न, आपा. वर्षभर शिकवून राहिल्या."

आपानं उरलेली पानं जुळवली. मग हळूच म्हणाली, "नळ सोडून रडायचीस न्हाणीत. नळाचा आवाज भिताडातून मना ऐकू यायचा."

"मंग सरळ माह्यं नाव द्यायचं ना! इतकं कायले?"

"सुट्टी हातानं दिली असती तं माझ्यासमोर मान खाली घालून फिरली असतीस. जिंकलीस, तं कशी तोऱ्यात गेलीस मेमध्ये! मना तोरा बगायचा होता."

"अन् मले वाटे, मी तुमाला फसवून राहिली. सांगायला आली तं भाकरी द्यायच्या हातात."

"मंग काय करता? सांगून टाकलं असतंस तं डोळं वर करून बगितलं असतंस का पुन्हा?" आपा आता खळखळून हसली. "आमच्या ह्यांना सांगितलंय मी फोनवर. तुमच्या ज्या अंगठ्यानं नोकरी घालवली, तोच अंगठा मी कामाला लावलाय. म्हनतो, तू बोटीवर असतीस तं बोट बुडवली असतीस."

शर्मिलालाही हसू आलं, डोळे भरलेले असताना. रुचाला काय सांगायचं ते तिला अजून सुचत नव्हतं. आज रात्री फोन करावा लागणार होता.

आपानं कॅट चौकोनी ठोकला आणि तिच्यापुढं ठेवला. "उन्हाळ्यात माझी फायनल एक्झिट, कायमची घरी. केरळच्या दोन नव्या पोरी आल्यात खालच्या मजल्यावर. एक जेवत नाय. घे. पानं वाट बगू मना."

शर्मिलानं पत्ते पिसले, वाटले. झाकलेलं पान सरकवताना अंगठा सोडला.

"यल्ला! बाजारात भाजी मांडतंस काय?" आपानं तिच्या बोटांवर चापट मारली. "उलीसा. तिला वाटलं पायजे, आपनच बगितलं."

शर्मिलानं पान परत उचललं आणि पुन्हा सरकवलं.