तुतीवर वाढलेलं वासरू

आमच्या फ्रान्समधल्या सेवेनच्या डोंगरात रेशीमकिड्यांच्या अंड्यांना अंडी कुणी म्हणत नसे, 'बी' म्हणायचे. वसंतात बाया ते बी पुरचुंडीत बांधून छातीशी ठेवत आणि अंगाच्या उबेनं किडे बाहेर येत. माझा शेजारी आबेल मझेल, त्याची बायको झेली यात भलती हुशार.

मग किड्यांवर काळ्या ठिपक्यांचा रोग आला. घरोघरचे किडे उकिरड्यावर. आबेलकडे उरलं काय? तुतीची झाडं, एक गाय आणि तिचं वासरू.

आणि बघा, आबेलला आजोबांची एक गोष्ट आठवली! बी संपलं, तर वासराला नुसता तुतीचा पाला चारायचा, मग मारून कातडी-खुरांसकट कुजवायचं. त्यातून निरोगी किडे निघतात म्हणे.

"अहो, शुद्धीवर आहात ना?" झेली म्हणाली. "वासरू गेलं की गाय आटणार. आपली नोएमी आधीच काडी झालीय. हिवाळाभर पोरीला चेस्टनट उकडलेल्या पाण्यावर जगवू?"

"बी खतात रुजतं की नाही? मग!"

"ते नावाचं बी हो! पतंगाची मादी घालते तेव्हा होतं. मांसातून कुठं उगवतंय?"

"तुझ्याच छातीशी मेलं ना सगळं?"

त्यानंतर झेली आडवी आली नाही.

आबेलनं वासरू पाल्यावर वाढवून मारलं आणि माळ्यावर पिंपात कुजत ठेवलं. वास असा की आमच्या घरात घास उतरेना. एके सकाळी आबेल गल्लीभर ओरडत सुटला, "आले! पांढरे, अगदी पांढरे!" त्यानं कोवळ्या पाल्यावर अळ्या पसरल्या. पण अळ्या पाल्याला शिवल्याच नाहीत, सरपटत मांसाकडे गेल्या. पुढं त्यांचे तपकिरी कोष झाले, तेव्हा हा गडी पुन्हा हरखला. काही उकळत्या पाण्यात टाकून केरसुणीनं ढवळत बसला. धागा कुठला निघायला! उरलेल्यांतून माश्या निघाल्या.

झेलीनं खिडकी उघडली.

"थांब गं, पंख फुटलेत त्यांना!"

"माश्यांची पोरं ती. जाऊ द्या आईकडे."

गाय गोठ्यात हंबरून हंबरून आटली. नोएमीनं हिवाळा काढला नाही. आमच्यात माणूस आपल्याच शेताच्या कडेला पुरतात. तिच्या शवपेटीसाठी आबेलनं एक तुती तोडली.

"एकच कशाला?" झेली म्हणाली. "सगळ्या तोडा."

त्यानं तोडल्या.