टीव्हीवर पहिला मान कुणाचा

"थांबवा! तिथंच थांबवा!" पोपटमामा सोफ्यावरून उठले आणि टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले. "सभापतीला टोपी-टॉवेल? आन् माझा फोटो अजून आलाच नाय?"

मी लग्नाचे फोटो काढतो. नाशिकला पंचवटीत माझा स्टुडिओ आहे. त्या दिवशी सायखेड्याला भाऊसाहेबांच्या घरी सिलेक्शनला गेलो होतो. सिलेक्शन म्हणजे काढलेल्या ढीगभर फोटोंमधून अल्बममध्ये कोणते घ्यायचे, ते घरच्यांनी ठरवायचं. पूर्वी लोक त्यासाठी स्टुडिओत यायचे. दोघंतिघं कॉम्प्युटरसमोर बसायचे आणि काम उरकायचं. आता घरोघरी भिंत भरून टीव्ही आहेत. मागे पेनड्राइव्ह खोचायचा, रिमोट घ्यायचा आणि लग्न परत बघायचं. सिलेक्शन राहतं बाजूला. चहा होतो, पोहे होतात आणि प्रत्येक जण आपलं पोट किती दिसतंय तेवढंच बघतो.

भाऊसाहेबांची फुलशेती. लेकीचं लग्न त्यांनी झोकात केलं होतं. पोपटमामा म्हणजे त्यांच्या बायकोचे, रंजनाताईंचे, एकुलते एक भाऊ. फोटो बघायला खास कळवणहून आले होते. आमच्याकडे लग्नात मानाच्या माणसांना नवरीचे वडील टोपी, टॉवेल आणि नारळ देतात. या घरात पहिला मान नवरीच्या मामाचा. यात मागेपुढे झालं की माणसं भरल्या ताटावरून उठतात.

"दाजी, मला स्टेजवर बोलावलं तव्हा काय म्हणले तुम्ही? पहिला मान मामाचा! हितं तर सभापती आधीच उरकलेत."

"अवो पाव्हणं, तुमचाच पहिला व्हता," भाऊसाहेब म्हणाले.

"मग टीव्ही खोटं बोलतोय का?"

टीव्ही खोटं बोलत नव्हता. त्याला फक्त लग्न कळत नव्हतं. झालं होतं असं की आमचे कॅमेरे दोन. एक माझा, एक माझ्या जोडीदाराचा. कॅमेरा प्रत्येक फोटोला स्वतःच एक नाव देतो. जोडीदाराच्या कॅमेऱ्यातली नावं 'डी'पासून सुरू होतात, माझ्यातली 'आय'पासून. टीव्ही शाळेतल्या हजेरीसारखा नावाप्रमाणे फोटो लावतो. म्हणजे जोडीदाराचे सगळे आधी, माझे सगळे नंतर. मामांचा मान मी टिपला होता. सभापती आले तेव्हा मी नवरीकडे होतो, म्हणून तो फोटो जोडीदाराचा.

मी हे सगळं समजावून सांगितलं. पुढचे फोटो दाखवायला लावले. लेक रडत रडत गाडीत बसली आणि लगेच पुढच्या फोटोत हसत हळदीला बसली.

"बघा मामा, असं कधी होतं का?"

"लेकीचं राहू द्या. माझं सांगा."

भाऊसाहेब रिमोट कुणाच्याही हातात देत नाहीत. गडबडीत त्यांचा अंगठा टीव्हीला तोंडी हुकूम द्यायच्या बटणावर पडला. मामा ओरडत होतेच. ते थांबल्यावर टीव्हीतून एक बाई अदबीने म्हणाली, "माफ करा, मला समजलं नाही."

"घ्या! तिला बी पटंना," मामा म्हणाले. त्यांनी कोपऱ्यातली पिशवी उचलली.

रंजनाताई कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "दादा, पुरणाचं केलंय. असा उपाशी नको ना जाऊ."

"जेवण राहू दे. माझी येष्टी जाईल."

मामा दाराकडे निघाले. रंजनाताई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "राजूभाऊ, काहीतरी करा. मागं असाच रुसला व्हता, तर राखी पोस्टानं पाठवली मी. आता परत नाय हो मला पोस्टात जायचं."

बाईचं माहेर म्हणजे हा एक भाऊ, आणि तो आमच्या फोटोंपायी चालला होता.

मी भाऊसाहेबांपुढे हात केला. त्यांनी रिमोट दिला. सभापतींच्या फोटोवर मागे यायला मी बटण दाबत गेलो. एकदा जास्त दाबलं गेलं आणि मालिका लागली. त्यातही कुणीतरी पिशवी घेऊन घर सोडत होतं. घाईघाईने परत फोटोंवर आलो. ओकेचं बटण दाबलं की फोटो मोठा होतो आणि बाणांनी तो सरकवायचा. आधी पडदाभर सभापतींचं पोट आलं. वर गेलो तर नुसती झालर. जरा खाली आलो, तर सभापतींच्या डोक्यावर टोपी ठेवणारे दोन हात दिसले. एका बोटात जाडजूड पोवळ्याची अंगठी.

"हे ह्यांचे हात नाय," रंजनाताई म्हणाल्या.

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. मामा एका हाताने चौकट धरून चप्पल घालत होते. चौकटीवरच्या हातात तीच अंगठी होती.

मी डावीकडचा बाण दाबला. हातांमागून मनगट, मग बाही, मग खांद्यावर कोरा टॉवेल, डोक्यावर कडक टोपी आणि टोपीखाली हसणारे पोपटमामा. मघाशी तेच टीव्हीसमोर उभे होते, म्हणून ही कड कुणाला दिसलीच नव्हती.

मामा एका चपलेनिशी आत आले.

"दाजी, तुम्ही कुठं व्हते तव्हा?"

"जनरेटर बंद पडला व्हता ना! गडबडीत तुम्ही बी इसरले, मी बी. आत्ता ध्यानात आलं. तुम्हालाच म्हणलो, पाव्हणं, तुमचं झालंय, सभापतींचं तेवढं तुमच्या हातानं उरका."

मामांनी टीव्हीजवळ जाऊन स्वतःची टोपी बघितली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मग हे मघाशीच मोठं करून दाखवायचं ना! उगं माझं डोकं फिरवलं." पिशवी बहिणीच्या हातात दिली आणि म्हणाले, "वाढ. भूक लागलीय."

रंजनाताई हसल्या आणि त्याच कणकेच्या हाताने त्यांनी डोळे पुसले. मला फार बरं वाटलं. मीही दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सिलेक्शन त्या दिवशी झालंच नाही, कारण जेवल्यावर सगळे झोपले.

आता पेनड्राइव्ह देण्याआधी मी सगळे फोटो वेळेप्रमाणे लावून त्यांना नंबर देतो. पण त्याच्याही आधी घरी फोन करून विचारतो, तुमच्यात पहिला मान कुणाचा? लग्नात तो माणूस उशिरा आलेला का असेना, टीव्हीवर एक नंबरला तोच येतो.